हेडफोनसाठी चांगला डेस्कटॉप डॅक: निवड, जोडणी आणि पडताळणी

संगणकातल्या गाण्याच्या फाइलमध्ये आवाज नसतो, आकडे असतात. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात दर सेकंदाला ४४,१०० वेळा, १६ बिटांत नोंदवलेले हे आकडे विजेच्या सलग चढउतारात बदलणे हे डॅकचे काम, आणि त्या क्षीण विद्युतसंकेताला हेडफोनचे पडदे हलवण्याइतके बळ देणे हे अ‍ॅम्प्लिफायरचे काम. टेबलावर ठेवायच्या बहुतेक यंत्रांत ही दोन्ही कामे एकाच डबीत होतात. त्यामुळे डॅक बदलल्यावर आवाज खुलला असे जेव्हा कोणी सांगते, तेव्हा श्रेय पुष्कळदा त्या डबीतल्या अ‍ॅम्प्लिफायरचे असते.

चांगल्या डॅकने आवाजात स्वतःचे काही मिसळायचे नसते आणि मूळ आवाजातले काही गाळायचेही नसते. ही कसोटी मान्य केली की खरेदीचा विचार सोपा होतो: आपला सध्याचा डॅक नेमके काय मिसळतो किंवा गाळतो, हे आधी शोधायचे आणि तेवढाच दोष दूर करणारे यंत्र घ्यायचे. दोष सापडलाच नाही, तर पैसे हेडफोनवर खर्च करावेत, कारण दोन हेडफोनांच्या आवाजात जितका फरक असतो त्याच्या जवळपासही दोन नीट बनवलेल्या डॅकमधला फरक जात नाही.

आधी दोष शोधावा

पहिली तपासणी शांततेची आहे. नेहमी ऐकता तेवढा आवाज ठेवून गाणे थांबवावे, खिडकी आणि पंखा बंद करावा, आणि हेडफोन कानावर ठेवून नुसता माउस गोल फिरवावा. मदरबोर्डवरच्या साऊंडकार्डातून अनेकदा माउसच्या हालचालीबरोबर बारीक चरचर ऐकू येते, वेबपान वर-खाली सरकवले की शिट्टीसारखा सूर उमटतो, आणि ग्राफिक्स कार्डावर भार पडला की तो सूर चढतो. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या जॅकमध्ये हा त्रास अधिक असतो, कारण तिथपर्यंत जाणारी वायर संगणकाच्या आतल्या सगळ्या विद्युत गोंगाटाजवळून जाते. म्हणून हीच तपासणी मागच्या जॅकवर पुन्हा करावी. तिथे चरचर नसेल, तर आपला प्रश्न विनाखर्च सुटला.

दुसरी तपासणी पातळीची. संगणकाचा आवाज पूर्ण चढवूनही शास्त्रीय गायनातले हळुवार आलाप पुरेसे मोठे होत नसतील, तर कमतरता व्होल्टेजची आहे. सेनहायझर एचडी ६०० हा हेडफोन ३०० ओहमचा आहे; हेडफोन विजेला जो विरोध करतो त्याला इम्पिडन्स म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. लॅपटॉपच्या जॅकमधून १ व्होल्ट मिळत असेल, तर त्याला जेमतेम ३.३ मिलिवॅट शक्ती पोहोचते. तेच २ व्होल्ट मिळाले तर १३ मिलिवॅट, म्हणजे चौपट. हिशोब सोपा आहे: व्होल्टेजचा वर्ग करावा आणि ओहमने भागावे. बायरडायनामिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या रूपांत मिळतो, आणि तो मागवताना नुसते नाव पाहून चालत नाही, कारण २५० ओहमचे रूप लॅपटॉपच्या जॅकवर दबलेले वाटते आणि ३२ ओहमचे रूप त्याच जॅकवर व्यवस्थित चालते.

तिसरी बाब कानाला लगेच कळत नाही, पण आवाजाचा तोल तीच बिघडवते. जॅकचा स्वतःचा इम्पिडन्स, ज्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात, तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी असावा असा संकेत आहे; ३२ ओहमच्या हेडफोनसाठी तो ४ ओहमच्या आत हवा. तो जास्त असला, तर ज्या हेडफोनांचा इम्पिडन्स वारंवारितेनुसार बदलतो त्यांचा खर्ज फुगतो किंवा वरचे सूर बदलतात. कानात घालायच्या, अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (आवाज निर्माण करणारे चिमुकले घटक) असलेल्या इअरफोनांत हा परिणाम सर्वांत ठळक असतो. डॅकच्या माहितीपत्रकात हा आकडा दिलेला नसेल, तर ते यंत्र मी यादीतून काढून टाकतो.

खरेदीपूर्वी एक स्वस्त प्रयोग जरूर करावा. अ‍ॅपलच्या यूएसबी-सी ते ३.५ मिलिमीटर अशा बोटभर अडॅप्टरमध्येही एक डॅक असतो, आणि मोजमापांत त्याची कामगिरी उत्तम आहे. ओळखीतल्या कोणाकडून तो एक दिवस मागून घ्यावा आणि संगणकाला जोडून आपला कमी शक्तीवर चालणारा हेडफोन ऐकावा. चरचर गेली, तर दोष साऊंडकार्डाचा होता हे सिद्ध झाले. चरचर तशीच राहिली, तर दोष वीजपुरवठ्यात किंवा ध्वनिमुद्रणातच आहे आणि तो कितीही महाग डॅकने जाणार नाही. ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या नाट्यपदांतली खरखर त्या तबकडीचीच असते. चांगला डॅक ती प्रामाणिकपणे ऐकवेल.

वीज, अर्थिंग आणि गुणगुण

ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे घरात महावितरणची २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज येते, आणि हेडफोनमध्ये ऐकू येणारी खालच्या सुरातली एकसारखी गुणगुण बहुधा याच ५० किंवा १०० हर्ट्झची असते. दोन उपकरणे वेगवेगळ्या मार्गांनी जमिनीशी जोडलेली असली आणि मध्ये ऑडिओची केबल असली, की त्या केबलच्या आवरणातून नको असलेला प्रवाह वाहू लागतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. यूएसबीवरच चालणारा एकटा डॅक आणि त्याला लावलेला हेडफोन, एवढीच मांडणी असेल तर हा फेरा पूर्ण होत नाही. स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर किंवा टेबलावरचे स्पीकर आले की तो होऊ शकतो.

ऐरोलीतल्या एका मित्राच्या घरी नव्या डॅकला जोडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून अशी गुणगुण येत होती, आणि डॅक बदलून घेण्याची तयारी चालली होती. त्याचा संगणक एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला होता, टीव्हीला सेट-टॉप बॉक्स, आणि सेट-टॉप बॉक्सला गच्चीवरून आलेली केबल. सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलची चकती आम्ही हाताने फिरवून सोडवली आणि ती सुटताक्षणी गुणगुण थांबली. पुन्हा टेकवली की पुन्हा सुरू. गच्चीकडून येणाऱ्या केबलच्या जाळीला जमिनीचा एक मार्ग मिळत होता आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या तीन पिनांच्या प्लगमधून दुसरा. संगणकापासून डॅकपर्यंत यूएसबीऐवजी ऑप्टिकल केबल लावल्यावर प्रश्न कायमचा मिटला, कारण ऑप्टिकल केबलमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणून घरी टीव्ही, संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांना जोडलेले असतील, तर ऑप्टिकल इनपुट असलेलाच डॅक घ्यावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ९६ किलोहर्ट्झपर्यंत ही केबल भरवशाने चालते, आणि संगीतासाठी तेवढे पुरते.

ऑप्टिकलची सोय नसेल, तर सर्व उपकरणांचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणून पाहावेत. पुष्कळ वेळा एवढ्यानेच गुणगुण ऐकू न येण्याइतकी कमी होते. नौपाडा, चरई अशा ठाण्याच्या जुन्या भागातल्या इमारतींत काही घरांच्या सॉकेटमधले तिसरे भोक नुसतेच असते, त्यामागे अर्थिंगची वायर नसते. हे वायरमनकडून तपासून घ्यावे. लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा असेल आणि धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर ती चार्जरमधल्या कपॅसिटरमधून झिरपणारी अल्प वीज असते. चार्जर काढून बॅटरीवर ऐकले की त्याचा आवाजाशी संबंध आहे की नाही ते मिनिटभरात कळते. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो अजिबात ऐकू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

काय पाहून निवडावे

माहितीपत्रकात डॅकच्या चिपचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. ईएसएस, एकेएम, सिरस लॉजिक या कंपन्यांच्या आजच्या बहुतेक चिपा इतक्या चांगल्या आहेत की चिपवरून यंत्राची पारख होत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका येथील एकेएमच्या कारखान्याला आग लागली आणि चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा अनेक कंपन्यांनी आपली यंत्रे दुसऱ्या चिपवर नेली. फियोने के५ प्रो या यंत्राची ईएसएस चिपची आवृत्ती काढली ती अशीच. चिपच्या भोवतीचे मंडल, वीजपुरवठा आणि अ‍ॅम्प्लिफायर हे सगळे मिळून यंत्र ठरते, आणि त्याची कसोटी पूर्ण यंत्राच्या मोजमापात असते.

ते मोजमाप सिनॅड नावाच्या एका आकड्यात दिले जाते, ज्यात गोंगाट आणि विकृती दोन्ही धरलेले असतात; आकडा जितका मोठा, तितका आवाज स्वच्छ. १६ बिटांच्या ध्वनिमुद्रणाची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ९८ डेसिबल आहे. घोडबंदर रोडला लागून घर असेल, तर कंटेनरच्या गाड्या रात्रभर जात असतात, आणि आतल्या गल्लीतल्या शांत शयनगृहातही पातळी ३० डेसिबलच्या खाली क्वचितच जाते. संगीताची शिखरे कानाशी १०० डेसिबलपर्यंत पोहोचली असे धरले, तरी खोलीच्या शांततेपासून तिथपर्यंतचे अंतर ७० डेसिबल भरते. म्हणून सिनॅड १०० डेसिबलच्या आसपास असलेला डॅक मला पुरेसा वाटतो, आणि ११५ व १२२ यांच्यातल्या फरकासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्या पैशात बंद कपांचा चांगला हेडफोन येतो, आणि रस्त्याकडेच्या घरात त्याने होणारा लाभ कोणालाही पहिल्याच गाण्यात कळेल.

अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती मात्र आकड्यांनिशी तपासावी. माहितीपत्रकात ३२ ओहमवर अमुक मिलिवॅट असे लिहिलेले असते, आणि तेवढ्यावर ३०० ओहमच्या हेडफोनचा निर्णय घेता येत नाही. आपल्या हेडफोनच्या ओहमला किती शक्ती मिळते ते शोधावे. ३०० ओहमच्या हेडफोनसाठी ४ व्होल्ट मिळणारे यंत्र घेतले, तर ५० मिलिवॅटहून थोडी जास्त शक्ती मिळते आणि क्वचितच कमी पडते. याउलट संवेदनशील इअरफोन वापरणाऱ्यांनी कमी गेनची, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरने संकेत कमी पटीत वाढवण्याची, सोय आहे ना, हे पाहावे, नाहीतर व्हॉल्यूमची कळ आठच्या काट्यावरून नऊवर नेली की आवाज कानठळ्या बसण्याइतका होतो आणि गाणे थांबलेले असतानाही सतत बारीक सुस्कारा ऐकू येतो. ४.४ मिलिमीटरचे बॅलन्स्ड आउटपुट दुप्पट व्होल्टेज देऊ शकते, म्हणून ते जास्त शक्ती मागणाऱ्या हेडफोनसाठी उपयोगी आहे. साध्या जॅकमधून पुरेशी शक्ती मिळत असेल तर नवी केबल विकत घेण्याचे कारण नाही.

डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र असलेली डबी घ्यावी की दोन स्वतंत्र, हा प्रश्न बहुतेकांच्या बाबतीत टेबलावरच्या जागेनेच सुटतो. मी एकत्र डबी सुचवतो.

परदेशातून थेट मागवताना दोन गोष्टी पाहाव्यात. सीमाशुल्क आणि जीएसटी धरून किंमत कुठे जाते, हा पहिला हिशोब. दुसरे म्हणजे अडॅप्टर: काही अमेरिकी यंत्रांसोबत ट्रान्सफॉर्मरचा जड अडॅप्टर येतो आणि तो फक्त ११५ किंवा १२० व्होल्टांसाठी असतो. तो आपल्या २३० व्होल्टांच्या सॉकेटमध्ये लावला तर जळतो. २३० व्होल्टांचे रूप मागवता येते का ते विचारावे, किंवा भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून वॉरंटीसह घ्यावे.

जोडणी आणि संगणकाची मांडणी

डॅक मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या यूएसबी पोर्टमध्ये लावावा. कीबोर्ड, हार्ड डिस्क आणि डॅक एकाच स्वस्त हबवर ठेवल्यास मध्येच टकटक किंवा आवाज तुटण्याचे प्रकार होतात. विंडोज १० मध्ये २०१७ च्या १७०३ या आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ (यूएसबीवरून आवाज पाठवण्याचे प्रमाण) यासाठी लागणारा ड्रायव्हर अंगभूत आहे, त्यामुळे नवे डॅक सहसा लावताक्षणी चालतात. तरीही कंपनीचा ड्रायव्हर उपलब्ध असेल आणि आपल्याला असिओ (विंडोजचा मिक्सर वगळून थेट यंत्राशी बोलणारी ड्रायव्हरची पद्धत) वापरायचे असेल, तर तो टाकावा.

यानंतर विंडोजच्या साऊंडच्या खिडकीत जाऊन डॅकच्या प्रॉपर्टीजमधील सर्व एन्हान्समेंट बंद करावेत आणि सॅम्पल रेट (दर सेकंदाला किती आकडे, तो दर) आपल्या बहुतेक संगीताशी जुळेल असा, म्हणजे सहसा २४ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ, ठेवावा. विंडोजचा मिक्सर सगळे आवाज एकाच दराला आणतो. फूबार२००० सारख्या प्लेअरमध्ये वासापी या विंडोजमधल्याच आवाजाच्या मार्गाचा एक्सक्लुझिव्ह मोड लावला, तर हा मिक्सर पूर्ण वगळला जातो, पण मग त्या वेळात दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रामचा आवाज डॅककडे जात नाही. घरून काम करणाऱ्यांनी ऑफिसची मीटिंग सुरू होण्यापूर्वी प्लेअर बंद करण्याची सवय लावावी. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअप या प्रोग्राममध्ये दर हाताने ठरवावा लागतो. अ‍ॅपल म्युझिक २०२१ पासून लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेले, संगीत देते, पण प्रत्येक गाण्यानुसार डॅकचा दर ते आपोआप बदलत नाही.

अलीकडची चित्रपटगीते इतकी मोठ्या पातळीवर मास्टर केलेली असतात की दोन आकड्यांच्या मधले लाटेचे शिखर डॅकच्या कमाल मर्यादेपलीकडे जाते आणि तिथे आवाज फाटतो. संगणकातला आवाज ३ ते ४ डेसिबल खाली ठेवून उरलेली पातळी अ‍ॅम्प्लिफायरच्या कळीवर घेतली, की हा दोष टळतो. २४ बिटांच्या मार्गात एवढ्या कपातीने ऐकू येईल असे काहीही हरवत नाही. डॅकमध्ये फिल्टरचे चार-पाच पर्याय असतील, तर फास्ट रोल-ऑफ ठेवून तो विषय तिथेच सोडावा.

हेडफोन कानावर चढवण्याआधी कळ पूर्ण खाली आहे ना, ते दर वेळी पाहावे. नव्या यंत्रात शक्ती भरपूर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा आहे.

वाशी, ऐरोलीसारख्या खाडीकाठच्या भागात पावसाळ्यात जॅकवर काळसर थर चढतो, आणि प्लग फिरवला की खरखर होते किंवा एका कानातला आवाज जातो. वीज बंद करून, मऊ कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून प्लग पुसला की बहुधा काम भागते. विजा कडाडत असताना अडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवावा.

नवा आणि जुना यांची न्याय्य तुलना

नवे यंत्र जुन्यापेक्षा अर्ध्या डेसिबलनेही मोठे वाजत असेल, तर ते कानाला मोठे न वाटता अधिक स्पष्ट आणि भरीव वाटते. म्हणून तुलना करण्याआधी दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टेजमध्ये सुमारे १ टक्क्याच्या आत जुळवणे आवश्यक आहे. यासाठी मल्टिमीटर लागतो, आणि तो घेताना पट्ट्या पाहाव्यात, कारण सर्वात स्वस्त पिवळ्या मल्टिमीटरवर एसीची सर्वात लहान पट्टी २०० व्होल्टांची असते आणि तिच्यावर अर्धा व्होल्ट नीट मोजता येत नाही. २ व्होल्टांची एसी पट्टी असलेला मीटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो.

जॅकला दोन तोंडांचा स्प्लिटर लावून एकीकडे हेडफोन आणि दुसरीकडे एखादी जुनी ३.५ मिलिमीटरची केबल जोडावी. त्या केबलच्या मोकळ्या टोकाच्या प्लगवर मीटरची एक सुई अगदी टोकाला आणि दुसरी बुडाच्या भागाला टेकवावी. १०० हर्ट्झचा अखंड सूर वाजवावा. साध्या मीटरचे एसी मापन ५० हर्ट्झच्या विजेसाठी केलेले असते आणि ४०० हर्ट्झच्या वर त्यावर विसंबता येत नाही, म्हणून नेहमीचा १,००० हर्ट्झचा सूर इथे वापरू नये. जुन्या यंत्रावर ०.३०० व्होल्ट येत असतील, तर नव्याची कळ हळूहळू फिरवत ०.२९७ ते ०.३०३ यांच्यामध्ये आणावी. या सुराच्या वेळी हेडफोन कानावर ठेवू नये.

मग घरातल्या कोणाला तरी मदतीला घ्यावे. त्यांनी नाणे उडवून नवा किंवा जुना डॅक लावावा, आपण पाठ करून बसावे आणि कोणता आहे ते कागदावर लिहावे. ऐकण्यासाठी तानपुऱ्याची नुसती जवार, तबल्याच्या डग्ग्याची घुमक विरत जाते तो क्षण, आणि हळू आवाजातला एखादा आलाप घ्यावा. गोंगाट, खर्ज आणि तोल या तिन्हींची परीक्षा त्यांत होते. १६ वेळांपैकी १२ किंवा अधिक वेळा उत्तर बरोबर आले, तर ते निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते, आणि फरक खरा आहे असे मानायला हरकत नाही. ही तपासणी विक्रेत्याची परतीची मुदत संपण्यापूर्वी करावी. सुरुवातीला सापडलेली चरचर, कमी पडणारी पातळी किंवा बिघडलेला तोल नव्या यंत्राने दुरुस्त झाला असेल तर ते ठेवावे. यांपैकी कोणताही दोष मुळात नव्हता आणि १६ पैकी सात-आठच उत्तरे बरोबर आली असतील, तर खोके आणि पावती सांभाळून ठेवलेली असावी आणि यंत्र परत करावे.